एका दगडाचं अंतर

आमचे दाजी किलोमीटरचे दगड रंगवायचे. हे सांगितलं की लोक विचारायचे, "आणि बाकी काय करतात?" बाकी काही नाही. रस्त्याच्या कडेला दगड असतात, त्यांच्यावर आकडे असतात आणि ते आकडे दरवर्षी कोणीतरी उकिडवं बसून नव्याने काढतं, एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही. त्यांना वाटतं, दगड आकड्यासकट उगवतो. मला अशा माणसांचा भारी राग यायचा. दाजींना यायचा नाही. ते मान हलवायचे आणि उरलेला चहा प्यायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. उंच, वाळका माणूस, पाठीला बाक आलेला. बोलणं इतकं कमी की "हं" हा एक शब्द त्यांना अख्खा दिवस पुरायचा आणि वर थोडा उरायचा. ताई त्यांच्या अगदी उलट. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरच्याने आपलं काम विसरावं. मी तिला एकदा विचारलं होतं, "अशा मुक्या माणसाबरोबर राहतेस तरी कशी गं?" तर म्हणाली, "बरोबर कुठे राहते? मी कायम एक किलोमीटर मागे असते."

ते खरंच होतं. त्यांच्या कामाची रीतच तशी होती. दाजी दगड घासायचे, धुवायचे आणि पांढरा रंग द्यायचे. मग पुढच्या दगडाकडे चालू लागायचे. तो रंग अर्ध्या तासात वाळतो. तेवढ्यात मागून ताई यायची आणि वाळलेल्या पांढऱ्यावर काळा आकडा काढायची. दाजींकडे फक्त पांढरा डबा, ताईकडे फक्त काळा. दोघांत एका दगडाचं अंतर. सकाळी एकत्र निघायचे आणि संध्याकाळी एकत्र चहा प्यायचे, मधला सगळा दिवस एकमेकांना दिसायचे नाहीत. लग्नाची बावीस वर्षं अशीच गेली आणि त्यांचं कधी भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. भांडायला माणूस हाताशी तर हवा.

रस्ता दोनशे बारा किलोमीटरचा, एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत. सुरुवातीचा नव्वद किलोमीटरचा भाग समुद्राच्या कडेने, लहान लहान गावांतून. जाळी वाळत घातलेल्या भिंती, बर्फाचे कारखाने, खारट वाऱ्याने गंजलेली गेटं. पुढे कडा समुद्रात उतरतो, म्हणून रस्ता आत वळतो आणि रानात शिरतो. बारा महिने पाऊस झेलणारं रान. फांद्या वरून इतक्या मिटलेल्या की भर दुपारी गाडीचे दिवे लावायला लागायचे. सत्तर किलोमीटरनंतर ते संपतं आणि पुन्हा समुद्र दिसतो.

सगळं काम उरकायला महिना लागायचा आणि तो महिना ते गाडीतच काढायचे. गाडी जुनी, एका बेकरीकडून घेतलेली. पत्र्यावरचं पावाचं चित्र दाजींनी तीनदा रंग देऊनही पुसट दिसतच राहिलं. आत स्टोव्ह, दोन गाद्या, रंगाचे डबे. गाडीच्या कुशीला ताडपत्रीचा तंबू बांधायचा. गावांमध्ये बर्फाच्या कारखान्याच्या आवारात मुक्काम, रानात रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत. पहाटे दाजी गाडी त्या दिवसाच्या शेवटच्या दगडापाशी नेऊन उभी करायचे. सातच्या बसने दोघांनी आठ-नऊ किलोमीटर मागे यायचं आणि रंगवत रंगवत आपल्याच गाडीपर्यंत चालत जायचं. दाजी आधी पोचायचे, चहा ठेवायचे. उकळी फुटेपर्यंत ताई यायची, ती बडबडतच.

एका वर्षी चहा उकळला आणि ताई आली नाही.

दाजींनी तो आटू दिला, मग स्टोव्ह बंद केला आणि मागे चालत निघाले. एकशे बावन्न नंबरचा दगड कोरा. एक्कावन्न कोरा. दीडशे, एकोणपन्नास, सगळे पांढरेफटक. एकशे अठ्ठेचाळीसही कोराच, पण त्याच्या डोक्यावर ताईचा काळा डबा ठेवलेला. झाकण घट्ट लावलेलं, ब्रश धुऊन वर आडवा ठेवलेला. त्याच्या मागच्या दगडावर, एकशे सत्तेचाळीसवर, तिचा आकडा होता. म्हणजे जे काही झालं ते आकडा काढून पुढे आल्यावर, ह्या दगडासमोर झालं.

पोलीस आले, वनखात्याची माणसं आली, दोन कुत्री आणली. कुत्री वास घेत घेत एकशे अठ्ठेचाळीसपर्यंत नीट आली आणि रस्त्याच्या मधोमध बसली. ओढली तरी उठेनात. त्यांना सांभाळणारा माणूस म्हणाला की आजवर असं कधी झालं नव्हतं. आठवडाभर रान पिंजून काढलं. चप्पल नाही, कापडाची चिंधी नाही, काही नाही. मग लोकांच्या जिभा सुटल्या. जनावराने नेली म्हणाले, ट्रकवाल्याबरोबर गेली म्हणाले. एका बाईला मी तोंडावर विचारलं, "पळून जाणारी बाई आधी ब्रश धुते का?" ती पुन्हा माझ्या दारात आली नाही, आणि माझं काही अडलं नाही.

दुसऱ्या वर्षी रस्ते खात्याने दाजींना एकट्याला पाठवायला नकार दिला. मी तेव्हा एका दुकानात गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचे. लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते आणि आकड्यांवर हात बसलेला होता. मी म्हटलं, मी जाते. माझे आकडे ताईसारखे नव्हते. माझे चौकोनी, कडक, शाळेतल्या मुलांनी रांगेत उभं राहावं तसे. तिचे वळणदार. तिच्या चारची शेपटी गरजेपेक्षा जास्त वर वळायची, जणू चार नंतर आणखी काही सांगायचं राहिलंय. साहेब लोक त्यावरून तिला बोलायचे आणि ती ऐकून सोडून द्यायची.

पहिल्याच दिवशी दाजींनी मला एकच सूचना दिली. "एकशे अठ्ठेचाळीसवर काही काढायचं नाही. तो दगड तिचा आहे."

"आणि खातं विचारेल तेव्हा?"

"विचारू दे."

खात्याने विचारलं. दाजी "हं" म्हणाले. दरवर्षी तो दगड घासायचे, धुवायचे, पांढरा करायचे आणि कोरा सोडायचे. परत येताना तिथे गाडी थांबवून खाली उतरायचे, दगडाकडे बघायचे, पुन्हा गाडीत बसायचे. तिसऱ्या की चौथ्या वर्षी, गाडीत बसल्यावर, समोर बघत ते म्हणाले, "तिची एक खूण जरी दिसली ना, तर मी आत जाणार." कुठे आत ते बोलले नाहीत. दोन्ही बाजूंना रान होतं.

हे मी घरी येऊन भाचीला सांगितलं, ती माझी चूक. ताईची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा सोळा वर्षांची होती. त्या दिवसापासून दाजी रंगवायला निघाले की ही पोर महिनाभर धड जेवायची नाही. आठव्या वर्षी तिला सातवा महिना होता आणि दाजींचं निवृत्तीचं वर्ष होतं. निघायच्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि माझं मनगट धरलं.

"मावशी, ही शेवटची फेरी. त्यांनाही माहीत आहे शेवटची आहे. तू त्यांना परत आण. मला आईबाप दोघंही त्या रस्त्यावर नाही घालवायचे."

"आणते."

"शब्द दे."

मी शब्द दिला. पोटुशी पोरीला नाही कसं म्हणणार?

समुद्राकडचे नव्वद दगड नेहमीसारखे झाले. रानात शिरल्यावर माझं नेहमीचं दुखणं सुरू झालं, ते सांगते. दाजींच्या मागे मी असायचे. माझ्या मागे कोणी नसायचं. दिवसभर पुढे बघून चालायचं आणि पाठ उघडी टाकलेली. मी आठ वर्षांत एकदाही मागे वळून बघितलं नाही. शूर होते म्हणून नाही. एकदा वळलं की दर दहा पावलांवर वळावं लागेल, हे मला माहीत होतं.

त्या दिवशी आमचा टप्पा एकशे चव्वेचाळीस ते बावन्न. पहाटे धुकं इतकं की गाडीतून तंबू दिसत नव्हता. मी माझा डबा उचलला तर झाकण तिरकं. मी झाकण नेहमी मुठीने थापटून बसवते. रंगही बोटभर कमी वाटला.

"माझ्या डब्याला कोणी हात लावला?"

दाजी चहा पीत होते, तेही स्टीलच्या डब्याच्या झाकणातून.

"कप कुठे गेला तुमचा?"

"फुटला," ते म्हणाले.

दोन कप होते, त्यातला एक फोडून ठेवला म्हणून मी बसमध्ये बसेपर्यंत कुरकुरत होते. ड्रायव्हरने आम्हाला एकशे चव्वेचाळीसपाशी उतरवलं. त्या टप्प्यात तो इंजिन बंद करत नसे आणि आम्ही नीट उतरायच्या आत गियर टाकायचा. मी एक दिवस त्याला चार शब्द सुनावणार होते, ते राहूनच गेलं.

चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस झाले. सत्तेचाळीसवर मी आकडा काढला, ब्रश पुसला आणि पुढच्या किलोमीटरला लागले. तो एक किलोमीटर मला तोंडपाठ होता. आधी डावं वळण, मग आडवा पडलेला शेवाळलेला ओंडका, मग सरळ रस्ता. रानात कधी शांतता नसते. पानांवरून पाणी ठिबकतं, किडे किरकिरतात. त्या ओंडक्यापाशी आलं की सगळं बंद व्हायचं. कान दुखतील इतकं बंद. दरवर्षी व्हायचं, आणि दरवर्षी मी स्वतःला सांगायचे की तुझाच भ्रम आहे.

ह्या वर्षी ओंडका ओलांडला आणि समोरून थिनरचा वास आला. माझ्या थिनरची बाटली माझ्या पिशवीत होती. मी बूच चाचपून बघितलं. घट्ट होतं.

धुक्यातून दगड दिसायला लागला. कोरा नव्हता.

एकशे अठ्ठेचाळीस. काळ्या रंगात, वळणदार. चारची शेपटी वर वळलेली.

मी जवळ गेले आणि बोट लावलं. बोटाला काळं लागलं. ओला होता.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? सख्खी बहीण. आठ वर्षांनी तिचं अक्षर दिसलं. हाक मारायला हवी होती. पण खोटं कशाला सांगू, मला नुसती भीती वाटली. रानाकडे बघायची हिंमत झाली नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. परत येताना दाजी इथे थांबणार, उतरणार, हे बघणार आणि आत जाणार. आणि मी घरी जाऊन त्या पोरीला काय सांगणार?

माझ्याकडे पांढरा रंग नव्हता. असता तर दोन हातांत झाकून टाकला असता. माझ्याकडे काळा रंग, थिनर आणि फडकं. मी फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि पुसायला लागले. आकडा पसरला, मग निघाला, त्याच्याबरोबर खालचा पांढराही निघाला आणि हातभर जागा दगडाच्या मूळच्या राखी रंगाची झाली. मी पुसत होते आणि तोंडाने म्हणत होते, "नको गं, ताई. नको." सगळं साफ झाल्यावर पिशवी उचलली आणि जवळजवळ पळतच सुटले.

एकशे एकोणपन्नासवरही आकडा होता.

तेच अक्षर. तोच चार. पण हात आता शहाणे झाले होते. मी दुसरं, स्वच्छ फडकं काढून दाबलं आणि खसकन ओढलं. तेव्हा एक गोष्ट झाली, जी मी त्या घाईत नुसती बघितली, विचार केला नाही. काळा रंग पसरला नाही. तो वाळून कडक झाला होता, आणि त्याच्या खालचा पांढरा अजून ओला होता. त्यामुळे दुधावरची साय निघावी तसा अख्खा आकडा निघून फडक्याला चिकटला. मी फडकं घडी करून पिशवीच्या तळाशी कोंबलं आणि त्याच उघड्या दगडावर माझा चौकोनी एकशे एकोणपन्नास काढला. वाकडातिकडा आला. आयुष्यात इतका वाईट आकडा मी काढला नव्हता.

दीडशेचा दगड कोरा होता. मी कामाला लागले.

गाडीपाशी पोचले तेव्हा चहा उकळत होता. दाजींनी मला भरून दिला आणि स्वतः झाकणात घेतला. मग नुसते माझ्याकडे बघत बसले. हा माणूस कधी कोणाच्या तोंडाकडे बघत नसे.

"आज वाटेत काही दिसलं का?"

"काय दिसायचंय? झाडं दिसली."

"दुसरं काही नाही?"

"दाजी, चहात साखर विसरलात," मी म्हटलं.

ते "हं" म्हणून उठले. साखर होती. मला काहीतरी बोलायचं होतं.

पुढचे दिवस मी डोळ्यात तेल घालून काढले. कारण दाजी बदलले होते. रान संपून समुद्र लागला आणि हा माणूस बोलायला लागला. बर्फाच्या कारखान्याच्या पहारेकऱ्याला त्यांनी आपला जुना घासायचा ब्रश देऊन टाकला. चहाच्या टपरीवाल्या म्हातारीला घडीची खुर्ची दिली. एका गावात बाजारातून मुठीएवढं टोपडं विकत घेतलं आणि माझ्या हातात ठेवलं. "पोरीला दे." मी म्हटलं, "तुम्हीच द्या की, मी कशाला?" तर नुसते हसले. माणूस आवराआवर करतोय हे मला दिसत होतं. मी गाडीची किल्ली पदराला बांधून झोपायला लागले. गाडी नसेल तर चालत जातील, हे कळत होतं, तरी बांधायचे.

दोनशे बाराव्या दगडापाशी खात्याच्या मुकादमाने दाजींचा हात हातात घेतला, दोन चांगले शब्द बोलला. आणि आम्ही परत फिरलो. परतीच्या रस्त्याला पर्याय नव्हता. मी सुचवून बघितलं होतं की गाडी विकून बोटीने जाऊ. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला.

रान लागलं. दिवे लावले. परतताना आकडे उलटे येतात, त्यामुळे आधी एकशे एकोणपन्नास आला. दाजींनी ब्रेक मारला.

"हे काय? ह्याचा पांढरा कुठे गेला?"

उत्तर मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं. "माझा आकडा वाकडा आला. पुसायला गेले तर खालचा रंगही निघाला. मग तसाच काढला."

"तू? वाकडा?" ते म्हणाले. "बरं." आणि गाडी पुढे घेतली.

एक किलोमीटर. मी पदराची गाठ मुठीत धरून बसले होते.

एकशे अठ्ठेचाळीसपाशी ते उतरले, नेहमीसारखे. मीही उतरले. राखी, उघड्या पडलेल्या जागेसमोर ते उकिडवे बसले. त्यावरून हात फिरवला. मग वळून न बघता विचारलं, "कोणी पुसलं?"

तो आवाज ऐकून माझ्याने खोटं बोलवेना. "मी पुसलं. तिचं अक्षर होतं, दाजी. ओलं होतं. तुम्ही आत गेला असता. मी पोरीला शब्द दिलाय, मी तुम्हाला जाऊ देणार नाही, काय करायचं ते करा." आणि मी रडायला लागले.

ते उठले नाहीत. तसेच बसून म्हणाले, "मी काढला होता तो."

मला कळेना.

"तुझ्या डब्यातला रंग कपात घेऊन आलो होतो. त्या दिवशी भराभर हात चालवून तुझ्या खूप पुढे निघून आलो, पांढरा वाळेपर्यंत इथेच बसलो. तिच्यासारखा चार काढायचा होता. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा जमला." एवढं बोलून त्यांना दम लागला. "आठ वर्षं हिचा दगड अडवून ठेवला. आता घरात बाळ येतंय. म्हटलं, हा रस्ता सोडायच्या आधी हिचं काम पुरं करावं आणि हिला मोकळं करावं. तुला दिसेल, तू संध्याकाळी विचारशील, असं वाटलं होतं. मला आपणहून सांगता आलं नसतं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ह्या माणसाने आठ वर्षांत एकदा मन उघडलं, आणि मी ते थिनरने पुसलं. मी म्हटलं, "दाजी, मला मारा."

"असू दे," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं तर काम आहे."

त्यांनी गाडीतून पांढरा डबा आणला. दगड घासला, धुतला, रंगवला. आम्ही रंग वाळायची वाट बघत रस्त्यावर बसलो. पहिल्यांदाच त्या दगडापाशी आम्ही दोघं एकत्र होतो, माझ्या मागे कोणीतरी होतं. माझं रडं थांबलं, छाती हलकी झाली. आणि मग, साधारण पंधरा मिनिटं झाली असतील, मला फडक्यावर निघालेली ती साय आठवली.

दाजींनी एक आकडा काढला होता. मी दोन पुसले होते.

ओल्या पांढऱ्यावर वाळलेला काळा. आमच्या धंद्यात असं होतच नाही. खालचा रंग आधी वाळतो, मग वरचा. नंबरप्लेट रंगवायला बसलेलं नवखं पोरही हे पहिल्या दिवशी शिकतं. मी मान न हलवता रस्त्याच्या दिशेने डोळे फिरवले, जिथे वळणापलीकडे एकशे एकोणपन्नास होता. पाणी ठिबकायचं थांबलं होतं. किडेही थांबले होते.

दाजींनी बोट लावून बघितलं, पांढरा वाळला होता. त्यांनी माझा काळा डबा उघडला, ब्रश बुडवला, आणि हात तसाच हवेत धरून थांबले.

"त्या एकोणपन्नासवर," त्यांनी विचारलं, "खरंच तुझाच आकडा वाकडा आला होता?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या पाठीचा बाक, गुडघ्यावर टेकलेला डावा हात, कानामागे लागलेला पांढरा रंग. खरं सांगितलं असतं तर ते ब्रश धुऊन, झाकण लावून, डबा दगडावर ठेवून गेले असते. मला ते डोळ्यांसमोर दिसलं. कदाचित तिथे कोणी त्यांची वाट बघत असेल. आणि इथेही एक पोर वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं. "माझाच. हात थरथरला."

ते मागे वळून रस्त्याकडे बघत राहिले. ब्रशवरून एक थेंब त्यांच्या चपलेवर पडला.

"हं," ते म्हणाले, आणि त्यांनी एकशे अठ्ठेचाळीस काढला.

मी त्यांना घरी आणलं. दोन महिन्यांनी नातू झाला. टोपडं दाजींनी स्वतः घातलं, ते डोळ्यांवर आलं आणि सगळे हसले. अकरा वर्षं ते त्या घरात जगले. नातवाला आकडे त्यांनी शिकवले. त्याच्या चारची शेपटी अजून वर वळते आणि शाळेत बाई लाल खूण करतात. गेल्या वर्षी दाजी अंथरुणात, दुपारी झोपेतच गेले. भाची माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, तू शब्द पाळलास." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

ते फडकं माझ्या ट्रंकेत आहे, जुन्या साड्यांच्या खाली. धुतलं नाही. घडी उघडली की त्यावर तिचा आकडा आहे, अख्खा, उलटा उमटलेला. एकशे एकोणपन्नास. दाजींनी तिचा अडलेला दगड पुरा करून दिला आणि ती लगेच पुढच्या दगडाला लागली. ते तेव्हा दीडशेवर असतील, पांढरा देत. ती त्यांच्या मागे एका दगडावर होती, आपल्या जागेवर, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.